दोन फोटो, पाच तास

शाळा भरली की वर्गातल्या एका मुलाने कॅमेरा घ्यायचा आणि गुरुजींचा बाकीच्या मुलांसोबत फोटो काढायचा. शाळा सुटताना तसाच दुसरा. रिळाचा साधा कॅमेरा. फोटोवर तारीख आणि वेळ आपोआप उमटणार, आणि ती कुणी पुढे-मागे करू नये म्हणून त्या बटणांवर जाड चिकटपट्टी मारलेली, वर सील. दोन फोटोंमध्ये निदान पाच तासांचं अंतर हवं आणि दोन्ही फोटोंत निदान आठ मुलं दिसायला हवीत. एवढं जमलं तर गुरुजींचा तो दिवस भरला. नाहीतर खाडा.

सप्टेंबर 2003 मध्ये राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात हा प्रयोग सुरू झाला. शिक्षकांच्या प्रेरणेवर बोलायला कुणी उभं राहिलं की पहिल्या पंधरा मिनिटांत याचा उल्लेख येतोच, आणि बहुतेक वेळा अर्धाच येतो. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करायची नोकरी करताना, मीही तो प्रशिक्षणात बरीच वर्षं अर्धाच सांगत होतो. म्हणून इथे सगळाच मांडतो.

सेवा मंदिर ही उदयपूरची जुनी संस्था, डॉ. मोहनसिंह मेहता यांनी स्थापन केलेली. अरवलीच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर ती अनौपचारिक शाळा चालवत असे. सरकारी शाळा लांब पडते किंवा काही कारणाने सुटली, अशा सात ते चौदा वयाच्या मुलांना हिंदी वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा आणि मग त्यांना सरकारी शाळेत बसवावं, असा बेत. एका शाळेत एकच शिक्षक, वीसेक मुलं. शिक्षक बहुतेक त्याच भागातला, साधारण दहावीपर्यंत शिकलेला, करारावरचा. पगार महिना 1000 रुपये.

आपल्याकडच्या वस्तीशाळा, लांबच्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी काढलेल्या, आठवतात ना, अगदी तसंच. 2000 सालानंतर आपण वस्तीशाळांवर नेमलेल्या स्वयंसेवकांनाही सुरुवातीला महिना 1000 रुपयेच मानधन होतं.

एकशिक्षकी शाळेत शिक्षक आला नाही तर शाळाच भरत नाही. दुसरा कुणी वर्ग सांभाळणारा नसतो. सेवा मंदिरचं नेमकं दुखणं हे होतं. गैरहजर राहिलात तर काढून टाकू, अशी ताकीद शिक्षकांना होती. पण कुठल्या दूरच्या पाड्यावर कुणी किती दिवस शाळा उघडली, हे उदयपूरला बसून कळायचं कसं? संस्थेने एस्थर दुफ्लो, रीमा हॅना आणि स्टीफन रायन या अर्थशास्त्रज्ञांसोबत प्रयोग आखला. चिठ्ठी टाकावी तशा शाळा निवडल्या. 57 शाळांना कॅमेरा दिला, 56 शाळा पूर्वीसारख्याच ठेवल्या. दोन्हीकडे महिन्यातून एकदा न सांगता माणूस जाऊन पाहून यायचा.

कॅमेऱ्याच्या शाळांत पगाराचं गणितही बदललं. महिन्यात 20 दिवस भरले तर 1000 रुपये. त्यावर प्रत्येक जादा दिवसाला 50 रुपये वाढणार, कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला 50 रुपये कापणार. कितीही खाडे झाले तरी 500 च्या खाली जाणार नाही. दुसऱ्या गटाला हजेरी कशीही असो, 1000 ठरलेलेच.

अचानक भेटींत जे दिसलं ते असं. साध्या शाळांत गैरहजेरी 42 टक्के, कॅमेऱ्याच्या शाळांत 21. म्हणजे सरळ निम्मी. नुसता फोटोपुरता शिक्षक येऊन बसेल, शिकवणार नाही, अशी भीती सगळ्यांनाच होती (मलाही पहिल्यांदा वाचताना हेच वाटलं होतं). तसं झालं नाही. हजर असलेला शिक्षक शिकवताना सापडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. दिवस वाढले तसं शिकवणंही वाढलं. वर्षभरानंतरच्या चाचणीत कॅमेऱ्याच्या शाळांतली मुलं पुढे होती. फार मोठं अंतर नव्हतं, पण योगायोग म्हणून सोडून द्यावं इतकं लहानही नव्हतं. आणि अडीच वर्षांनी पाहिलं तर या शाळांतून सरकारी शाळेत गेलेली मुलं शंभरात दहाने जास्त होती. शाळा काढण्याचा मूळ हेतूच तो होता.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. ऐकणारा अधिकारी खूश होतो आणि विचारतो, मग आपल्याकडे कॅमेरे कधी लावायचे?

याच अभ्यासात एक निरीक्षण आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव त्यात आहे. शिक्षक का येऊ लागला? कुणीतरी बघतंय म्हणून, की पैसे मिळतात म्हणून? दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागू झाल्या होत्या, त्यामुळे वेगळं कसं करणार? संशोधकांनी महिन्याची अखेर धरली. समजा एखाद्याचे महिनाअखेरीस दहा दिवसही भरलेले नाहीत. त्याला 500 मिळणारच आहेत. तो 30 तारखेला आला काय, न आला काय, पैशात काही फरक नाही. पण दुसऱ्या दिवशी 1 तारीख. नवा महिना, पाटी कोरी, आता प्रत्येक दिवस मोजला जाणार. कॅमेरा 30 तारखेलाही तोच होता आणि 1 तारखेलाही तोच. पाहिलं तर हे शिक्षक महिनाअखेरीस ढिले पडत आणि 1 तारखेला त्यांची हजेरी एकदम वर जाई. ज्यांचे दिवस व्यवस्थित भरत होते त्यांच्यात अशी उडी नव्हती.

म्हणजे डोळा कॅमेऱ्याचा होता, पण पाय हलवले त्या 50 रुपयांनी. ते 50 रुपये खरोखर हातात पडत होते. रीळ जमा व्हायचं, फोटो मोजले जायचे, ठरल्या वेळी ठरल्या हिशेबाने पैसे मिळायचे. कुणाच्या ओळखीवर एक फोटो जास्त धरला गेला, कुणाचा सहीसाठी अडकला, असं नाही.

हे वाचताना मला एक लॉगबुक आठवतं.

मावळपट्टीतली एक वस्तीशाळा. जुलै महिना, पाऊस धरलेला. न सांगता भेट द्यायची म्हणून मी गाडी खालच्या गावात लावून चिखलातून चढून गेलो. शाळा म्हणजे कुणाच्या तरी घराची पडवी. आत तेरा-चौदा मुलं, आणि चौथीतली एक मुलगी फळ्यापाशी उभी राहून पहिलीच्या पोरांकडून बाराखडी म्हणवून घेत होती. हातात छडीऐवजी उलथणं.

"गुरुजी कुठंयत?"

"आवणीला गेल्यात."

निरोप गेला. अर्ध्या तासात गुरुजी आले. चोवीस-पंचवीसचं पोरगं, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरचं इरलं तसंच. घाबरलेला होता, पण खोटं बोलला नाही. "साहेब, चार महिने मानधन नाही. या आठ दिवसांत आवणी नाही उरकली तर वर्षभर खायचं काय?"

मी लॉगबुकात शेरा लिहिला: 'शिक्षक विनापरवानगी गैरहजर. खुलासा घ्यावा.' नियमाने बरोबर होतं. चार महिन्यांच्या मानधनाबद्दल मी काहीच लिहिलं नाही. लॉगबुक शाळेच्या तपासणीचं असतं, कार्यालयाच्या तपासणीचं नसतं, असं तेव्हा मला वाटत होतं. उदयपूरच्या भाषेत सांगायचं तर त्या पोराचा प्रत्येक दिवस 30 तारीख होता. आला काय, न आला काय. (त्या शिक्षकांना जिल्हा परिषदेच्या सेवेत कायम व्हायला 2014 उजाडलं.)

उदयपूरची गोष्ट शाळांवर संपत नाही. तिचा दुसरा अंक त्याच जिल्ह्यात झाला आणि तो फारसा कुणी सांगत नाही. उपकेंद्रांतल्या परिचारिका, म्हणजे एएनएम, जागेवर सापडत नाहीत ही तिथली नेहमीची तक्रार होती. सेवा मंदिरने सरकारी आरोग्य खात्याबरोबर तोच धडा तिथे गिरवायचं ठरवलं. अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि रेचल ग्लेनर्स्टर होते, दुफ्लोही होत्या. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी. 2019 चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी हे मोठ्या अक्षरांत छापलं होतं. उदयपूरच्या परिचारिकांवर कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.) कॅमेऱ्याऐवजी तारीख-वेळेचा शिक्का मारणारं यंत्र दिलं. शिक्क्यासाठी ठरलेल्या दिवशी तीनदा शिक्का, ठरावीक प्रमाणाखाली हजेरी गेली तर पगार कापायचा.

पहिले काही महिने झकास. शिक्क्याच्या दिवशी परिचारिका सापडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. मग हळूहळू एक नवा रकाना भरू लागला, 'सूट दिलेले दिवस'. बैठक होती, सर्वेक्षण होतं, वरून काम आलं होतं. हे ठरवणारे खात्यातलेच अधिकारी. सूट वाढत गेली, कपात कुणाचीच होईना. सोळा महिन्यांनी पाहिलं तर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या परिचारिकांच्या हजेरीत काही फरक उरला नव्हता. गैरहजेरीची जागा तेवढी बदलली होती. ती आता कागदावर मान्यतेने नोंदली जात होती.

जिल्हा तोच, बरोबरची संस्था तीच, हिशेबाचं तत्त्व तेच. शाळांत पैसे देणाऱ्या संस्थेला शाळा भरायला हवी होती. आरोग्य खात्यात नियम चालवणाऱ्यांना तो नियम चालवायचाच नव्हता. कॅमेरा की यंत्र, बोटाचा ठसा की चेहरा ओळखणारं ॲप, हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे. मी सूट देणाऱ्या खुर्चीत बसलेलो आहे. तिथे बसणाऱ्याला प्रत्येक सूट त्या त्या वेळी रास्तच वाटते.

महाराष्ट्राचं काय? इथे जरा थांबून एक आकडा बघायला हवा. उदयपूरचा प्रयोग सुरू झाला त्याच 2003 साली देशभरात सुमारे 3700 शाळांना अचानक भेटी देऊन एक पाहणी झाली. त्या संशोधकांत मायकेल क्रेमर होते, ज्यांना पुढे बॅनर्जी-दुफ्लोंबरोबर नोबेल मिळालं. सरकारी प्राथमिक शाळांतले 25 टक्के शिक्षक त्या दिवशी शाळेत नव्हते. झारखंडमध्ये हे प्रमाण 41.9 टक्के, आणि सगळ्यांत कमी महाराष्ट्रात, 14.6 टक्के. आपल्या शिक्षक संघटना हा आकडा भाषणांत का वापरत नाहीत, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

पण त्याच पाहणीतलं दुसरं वाक्य सुखाचं नाही. पाहणारा शाळेत पोहोचला तेव्हा प्रत्यक्ष शिकवत असलेले शिक्षक देशभरात निम्म्याच्या आसपासच होते. आणि सुमारे 3000 सरकारी शाळांपैकी एकाच मुख्याध्यापकाने सांगितलं की वारंवार गैरहजर राहिल्यामुळे शिक्षकाला कामावरून काढल्याचं उदाहरण आहे. एकाने.

तेव्हा आपल्याकडचा रोग उदयपूरचा नव्हता, निदान तेवढा नव्हता. आपला शिक्षक शाळेत येतो. येऊन काय करतो, हा आपला प्रश्न. तरीही औषध आपण तेच आणलं. नोव्हेंबर 2016 मध्ये आदेश निघाला: शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि 'सरल' या राज्याच्या ऑनलाइन शालेय माहिती प्रणालीवर टाकायचा. न्याय म्हणून सांगतो, हेतू शिक्षकांवर पाळतीचा सांगितलेला नव्हता. मुलांची गळती थांबावी, सतत गैरहजर राहणारी मुलं दिसावीत, असा होता. पण वर्गात त्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे. साठ मुलं म्हणजे सहा गट. उंचीप्रमाणे उभं करायचं, एकाने डोळे मिटले की पुन्हा. मग रेंजसाठी गुरुजी शाळेमागच्या टेकाडावर, आणि खाली दोन वर्ग एका बाईंकडे. त्या सोमवारी पहिल्या दोन तासिका गेल्या त्या गेल्याच. शिक्षकांच्या विरोधानंतर तो आदेश बारगळला. फोटोची सवय मात्र राहिली. आज वृक्षारोपण असो, हात धुणं असो की वाचन प्रेरणा दिन, आधी फोटो. मग वेळ उरला तर वाचन.

उदयपूरच्या कॅमेऱ्याने शिक्षकाला शाळेत आणलं, आमच्या कॅमेऱ्याने शाळेत असलेल्या शिक्षकाला वर्गाबाहेर काढलं. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं स्पष्ट आहे. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. ऑनलाइन माहिती भरणं हे त्या कलमात बसतं की नाही, यावर दोन केंद्रप्रमुख एकत्र आले की अजून वाद होतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण लगेच 'पगार वाढवा म्हणजे शिकवतील' असं म्हणणारे भेटतात. इंडोनेशियाने 2005 मध्ये कायदा करून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांना मूळ पगाराएवढाच भत्ता दिला, म्हणजे मूळ पगार दुप्पट. 360 शाळांत त्याची तपासणी झाली. शिक्षकांची पैशाची ओढाताण कमी झाली, जोडधंदे कमी झाले, समाधान वाढलं. मुलांच्या शिकण्यात दोन-तीन वर्षांनीही फरक दिसला नाही. हे ऐकून कुणी शिक्षणसेवकाचं, म्हणजे नव्याने लागलेल्या, ठरावीक मानधनावरच्या शिक्षकाचं, मानधन कमी ठेवायचं कारण शोधत असेल, तर त्याने एकदा त्या मानधनावर तालुक्याच्या गावी खोली भाड्याने घेऊन दाखवावी. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 2023 पर्यंत महिना 6000 रुपये होते, आता 16,000 आहेत. ही वाढ माणुसकीची होती. तिच्याकडून निकालाची अपेक्षा ठेवणं हा वेगळाच व्यवहार झाला. उपाशी माणसाला जेवू घातलं म्हणून तो लगेच गाऊ लागत नाही. पण म्हणून उपाशी ठेवायचा नसतो.

उदयपूरबद्दल माझं मत असं झालं आहे की तिथे प्रेरणेचा प्रश्न सुटलाच नाही, आणि सेवा मंदिरने तो सोडवल्याचा दावाही केला नव्हता. त्यांनी शाळा उघडी ठेवण्याचा प्रश्न सोडवला. एवढं केल्यावरही पाचांतली एक भेट बंद दाराशीच होत होती. शिकवण्याची पद्धत जुनीच राहिली. फक्त ती जास्त दिवस मिळाली, आणि तेवढ्यानेही मुलं पुढे गेली. हे कमी नाही. पण पहिला फोटो आणि दुसरा फोटो यांच्यामधल्या पाच तासांत काय झालं, ते कॅमेऱ्याला माहीत नव्हतं, आणि 50 रुपयांनाही नव्हतं. मूल अडलं की शिक्षक त्याच्याजवळ बसतो की पुढच्या पानावर जातो, याला दर लावता येत नाही. लावला तर त्याचाही फोटो निघू लागेल.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मी हे प्रकरण पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. परिचारिकांसकट. सांगून झाल्यावर चर्चेऐवजी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि एकच प्रश्न विचारला: गेल्या वर्षभरात तुमच्या वर्गात मागे बसून, तुम्ही शिकवताना, पूर्ण तासिका कुणी पाहिली का? कुणी पाहिली तेवढं लिहा. नाव नको.

बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्याच परत आल्या. दोघा-तिघांनी 'तपासणी पथक' लिहून पुढे कंसात 'दहा मिनिटं' लिहिलं होतं. माझं पद कुणीही लिहिलं नव्हतं, आणि त्या सगळ्या शाळांना मी वर्षातून कितीतरी वेळा जात होतो. एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात मजकूर होता:

'हो. शेजारच्या शाळेतल्या बाई. त्यांच्या गावच्या जत्रेची सुट्टी होती म्हणून आल्या होत्या. मी अपूर्णांक घेत होते. तास संपल्यावर म्हणाल्या, भाकरी मोडून दाखवता ते बरं आहे, पण तिसरा तुकडा मोठा झाला होता. तेव्हापासून मी कागद वापरते.'